माझ्या चालीला माझाच गळा

चाल बांधायला मी कधी कचरले नाही. घरात अब्बांची जुनी पेटी आहे, हाती मोबाइल आहे. घर रिकामं असलं की पेटी रेकॉर्ड करायची, वर डफाचा ठेका चढवायचा. नानीच्या जात्यावरच्या ओव्या, श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचे अभंग, अशा आठ-दहा चाली तयार झाल्या. गायची वेळ आली की मात्र मी भाचीला हाक मारायचे.

एक तर स्वतःचा आवाज ऐकवत नसे. गाताना आपला आवाज आपल्याला दोन वाटांनी ऐकू येतो: हवेतून आणि कवटीच्या हाडांतून. हाडांतून येणारा आवाज त्याला भरीवपणा देतो. रेकॉर्डिंगमध्ये फक्त हवेतला उतरतो, म्हणून तो पातळ, परका वाटतो. पण जग आपल्याला त्याच आवाजात ओळखतं. वर्गातली मुलं वर्षानुवर्षं तोच ऐकत आली आहेत, एकही दचकलेलं नाही.

दुसरी भीती जिभेची. दखनीत वाढलेल्या जिभेवर 'ळ' कधी कधी 'ल' होतो. बोलताना सांभाळता येतं, लांबवलेल्या सुरात लपत नाही. शिवाय नात्यातल्या एक बुजुर्ग म्हणाल्या, "बाईच्या आवाजालाही पर्दा असतो, बेटा." मी वाद घातला नाही. याविषयी उलेमांमध्येही एकमत नाही.

मग भाचीने नानीची ओवी गायली. सुरेल, स्वच्छ, प्रत्येक 'ळ' जागच्या जागी. शाळेच्या स्नेहसंमेलनात बक्षीस मिळालं असतं. पण त्यात नानी नव्हती. नानीचा आवाज कुणी कधी टेपवर घेतला नाही. तिचे हेल आता फक्त अम्मीच्या आणि माझ्या कानात आहेत. ते कानातच ठेवले तर आमच्याबरोबर कब्रस्तानात जातील.

तेव्हा गौहर जान आठवल्या. 1902 मध्ये कलकत्त्यात त्या भोंग्यासमोर गायल्या आणि शेवटी स्वतःचं नाव ठणकावून सांगितलं. त्या यंत्राला कोण गातंय ते सांगावं लागे. मला वाटलं, आपणही सांगावं.

पट्टी काळी 5 वरून काळी 4 वर उतरवली. गोधड्यांनी भरलेलं कपाट उघडून त्याच्याकडे तोंड केलं, म्हणजे खोली घुमत नाही. मोबाइल वीतभर अंतरावर. एकेक ओळ पाच-पाच वेळा गायले आणि त्या दिवशी काहीच ऐकलं नाही. दोन दिवसांनी ऐकलं, तेव्हा आवाजाची लाज जरा निवली होती. सूर कुठे हलतो तेवढंच कानाला कळलं. हलणाऱ्या ओळी पुन्हा घेतल्या.

अम्मीने दोनदा ऐकलं. म्हणाली, "दुसऱ्या ओळीत 'ळ' घसरला बघ." तो मी तसाच ठेवला आहे. नानीही तिथेच घसरायची.