बारी, खिडकी आणि एम.ए. इंग्लिश

बी.ई. कॉम्प्युटर झालेल्या, तेरा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढलेल्या बाईने छत्तिसाव्या वर्षी एम.ए. इंग्लिशला नाव घातलं की लोक दोन प्रश्न विचारतात. एक, "प्रमोशनला उपयोग होतो का?" आणि दोन, "पण इंग्लिश तर तुला येतंच ना?" पहिल्याचं उत्तर "नाही" एवढंच आहे. दुसऱ्याचं जरा लांबलचक आहे, म्हणून ते इथे लिहिते आहे. आपल्यापैकी कुणा तरुण मुलामुलीच्या मनात असं काही घोळत असेल तर त्यांनाही थोडी कल्पना येईल.

दिवसभर मी इंग्लिशच बोलते, पण ते मीटिंगचं इंग्लिश. मोजक्या शब्दांत दिवस निघतो. शाळेत शेक्सपिअरची एक गोष्ट, वर्ड्सवर्थची एक कविता, आणि अकरावीला सायन्स घेतल्यावर तेही संपलं. इग्नूच्या एम.ए. इंग्लिशला कोणत्याही शाखेचा पदवीधर चालतो हे कळलं आणि फॉर्म भरला. पहिल्या वर्षी ब्रिटिश काव्य, नाटक, कादंबरी आणि भाषेची ओळख असे पेपर. 'इतिहास' नावाचा वेगळा पेपर माझ्या पुढ्यात आला नाही, पण इंग्रजी साहित्याचा इतिहास डोक्यात नसेल तर यातला एकही पेपर कळत नाही.

इंजिनिअरच्या सवयीने मी एक्सेल शीट केली. कालखंड, राजा, कवी, ग्रंथ असे कॉलम. पहिल्याच कॉलममध्ये अडले. एलिझाबेथन आणि व्हिक्टोरियन ही राण्यांची नावं, जॅकोबियन राजाचं, ऑगस्टन हे रोमच्या सम्राटाकडून उसनं घेतलेलं, आणि रोमँटिक तर नंतरच्यांनी लावलेलं लेबल. वर्ड्सवर्थ आणि कोलरिज स्वतःला रोमँटिक म्हणवत नव्हते. एकाच कॉलममध्ये चार तऱ्हेचा डेटा! आमच्या टीममध्ये कुणी असं केलं असतं तर मी रिव्ह्यूमध्येच परत पाठवलं असतं.

पुढचा धक्का शीटच्या पहिल्या ओळीचा. बहुतेक सगळे इतिहास 'बेओवुल्फ' या प्राचीन वीरकाव्यापासून सुरू होतात. त्याची एकच हस्तलिखित प्रत उरली आहे, साधारण इसवी सन १००० च्या सुमाराची. १७३१ साली ती जिथे ठेवली होती त्या ग्रंथसंग्रहाला आग लागली. प्रत वाचली, कडा करपल्या. संपूर्ण काव्य पहिल्यांदा छापलं गेलं १८१५ मध्ये, तेही इंग्लंडमध्ये नव्हे तर कोपनहेगनला, आणि छापणाऱ्या थॉर्केलिनची समजूत अशी की हे मुळात डॅनिश काव्य आहे. म्हणजे शेक्सपिअरने किंवा मिल्टनने ते वाचलं असण्याचा प्रश्नच नाही. मूळपुरुष सगळ्यांत शेवटी सापडला आणि मग वंशावळीत सर्वांत वर नेऊन बसवला. आपल्या घराण्यांच्या वंशावळीही कधी कधी अशाच तयार होतात, पण तो विषय नको.

मला सगळ्यांत जास्त गुंतवलं ते त्यानंतरच्या चारशे वर्षांनी. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं. पुढे सुमारे तीनशे वर्षं दरबाराची आणि कोर्टाची भाषा फ्रेंच, चर्चची आणि विद्वानांची लॅटिन, आणि इंग्लिश राहिली शेतात, गोठ्यात, चुलीपाशी. जनावर दावणीला असेपर्यंत त्याचं नाव इंग्लिश, काऊ किंवा शीप. शिजून ताटात आलं की फ्रेंच, बीफ आणि मटन. १३६२ मध्ये कायदा झाला की कोर्टातलं बोलणं इंग्लिशमध्ये चालावं, कारण लोकांना फ्रेंच कळत नाही. आणि हा कायदा लिहिलेला होता फ्रेंचमध्ये. रात्री साडेअकराला हे वाचून मी एकटीच मोठ्याने हसले. नवरा बघायला आला की झालं काय.

त्या काळात लिहिणाऱ्यासमोर प्रश्न असे तो 'कोणत्या भाषेत लिहू?' जॉन गॉवर नावाच्या कवीने तीन मोठे ग्रंथ लिहिले, एक फ्रेंचमध्ये, एक लॅटिनमध्ये आणि एक इंग्लिशमध्ये. जणू तिन्ही बँकांत थोडे थोडे पैसे ठेवले, कोणती तरी टिकेलच. त्याचा मित्र चॉसर याने मात्र सगळं इंग्लिशवर लावलं. हा चॉसर माझा लाडका झाला, त्याला एक घरगुती कारणही आहे. तो नोकरदार होता. १३७४ पासून बारा वर्षं लंडन बंदरात लोकरीच्या जकातीचे हिशोब ठेवायचा, आणि नोंदी स्वतःच्या हाताने लिहिण्याची अट होती. एका कवितेत त्याने स्वतःचीच थट्टा केली आहे की हा माणूस हिशोब संपवून घरी जातो आणि पुन्हा एका पुस्तकापुढे डोळे तारवटेपर्यंत बसतो. लॅपटॉप मिटून इग्नूची पुस्तकं उघडताना मला हे फार जवळचं वाटतं. त्याच्या 'कँटरबरी टेल्स'च्या साधारण शंभर वर्षं आधी, १२९० मध्ये, आपल्याकडे संस्कृत बाजूला ठेवून ज्ञानेश्वरी मराठीत झाली होती. वाचताना ही तुलना आपोआप होते.

आता घरची गोष्ट. मे महिन्यात आम्ही पुण्याला माझ्या भावाकडे गेलो होतो. भाऊ नोकरीसाठी तिकडे गेला, त्याची मुलं तिथेच वाढली. एका दुपारी माझी नऊ वर्षांची लेक म्हणाली, "मामी, बारी बंद करू का? वारा येतोय." भाच्यांना हसू आवरेना. "बारी काय! खिडकी म्हण." थोड्या वेळाने तिने विचारलं, "तुमच्या शाळेला कधीपर्यंत रजा आहे?" "तू काय ऑफिसला जातेस का रजा घ्यायला?" पुन्हा हशा. बडोद्यात आमच्या घरात चार पिढ्या बारी लावली जाते आणि शाळेला रजाच असते. गुजराती शब्द आहेत हे आमच्या लक्षातही येत नाही. मुलांनी मजेत केलं, त्यांचा मला राग नाही. पण त्या दिवसापासून माझी लेक मामेभावंडांशी इंग्लिशमध्ये बोलायला लागली. बडोद्याला परत आल्यावरही पुण्याचा फोन आला की इंग्लिश. तिथे तिला कुणी हसत नाही ना!

मला हे लागलं. सासूबाईंना तर फारच. "गायकवाडांच्या वेळेपासून टिकवलेली भाषा एका खिडकीवरून घालवायची का?" असं त्या म्हणाल्या. मी समजावून पाहिलं, रागावून पाहिलं, उपयोग झाला नाही.

नेमकी तेव्हा मी पंधराव्या शतकाच्या नोट्स काढत होते. विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टरला इंग्लंडमधला पहिला छापखाना घातला. १४९० च्या एका पुस्तकाच्या प्रस्तावनेत त्याने एक किस्सा दिला आहे. काही व्यापारी थेम्स नदीतून जहाजाने निघाले, वारा पडला म्हणून किनाऱ्याला थांबले. त्यातला एक जण एका घरी खायला मागायला गेला आणि म्हणाला, "एग्ज मिळतील का?" घरची बाई म्हणाली, "मला फ्रेंच येत नाही." व्यापारी चिडला, कारण फ्रेंच त्यालाही येत नव्हतं, त्याला फक्त अंडी हवी होती. शेवटी दुसरा कुणी म्हणाला, "याला एइरन पाहिजेत," तेव्हा बाईला कळलं. दोघेही इंग्लिशच बोलत होते. कॅक्स्टन विचारतो, आता मी छापायचं काय, एग्ज की एइरन?

यातली खरी गंमत पुढे आहे. 'एइरन' हा तिथला जुना, घरचा शब्द. 'एग' हा उत्तरेकडे येऊन वसलेल्या व्हायकिंग लोकांच्या नॉर्स भाषेतला, म्हणजे बाहेरून आलेला. आज सगळं जग एग म्हणतं, आणि घरचा शब्द कोशात जाऊन बसला आहे. 'दे', 'देअर', 'देम' ही रोजची सर्वनामंसुद्धा नॉर्सच.

रात्री जेवताना मी ही गोष्ट लेकीला सांगितली. (पानावर अंड्यांची गोष्ट नको, असं सासूबाईंचं म्हणणं पडलं. पण ऐकत त्याही होत्या.) मग म्हटलं, आता विंडोची ऐक. विंडोही व्हायकिंगांनीच आणलेला शब्द, मूळ अर्थ 'वाऱ्याचा डोळा'. त्याआधी इंग्लिशमध्ये खिडकीला जो शब्द होता त्याचा अर्थ 'डोळ्याचं भोक'. सासूबाई लगेच म्हणाल्या, "मग आपलं गवाक्ष काय वेगळं? गाईचा डोळाच की." तिघींनी थोडा वेळ स्वयंपाकघरातल्या खिडकीकडे बघितलं.

लेक म्हणाली, "म्हणजे दादाला विंडो म्हटलेलं चालतं, आणि ती पण बाहेरचीच. मग बारी का नाही चालत?"

याचं उत्तर मला तेव्हा दोन वाक्यांत देता आलं नाही, पण अभ्यासाच्या पुढच्या भागात ते आहे. शब्द कुठून आला यावर त्याचा मान ठरत नाही, कुणाबरोबर आला यावर ठरतो. इंग्रजी साहित्य हा शिकवण्याचा विषय म्हणून इंग्लंडमध्येही तसा नवाच. लंडनच्या नव्या विद्यापीठात १८२८ मध्ये पहिला प्राध्यापक नेमला गेला. ऑक्सफर्डला या विषयाचं स्वतंत्र शिक्षण सुरू झालं १८९४ मध्ये. तिथे शिकायचं ते ग्रीक आणि लॅटिन. इंग्लिश काय, घरी वाचताच की! आपल्याकडे मात्र मेकॉलेचं टिपण १८३५ चं, आणि त्याच्याही आधीपासून कलकत्त्याच्या हिंदू कॉलेजात मुलं शेक्सपिअर वाचत होती. गौरी विश्वनाथन यांनी 'मास्क्स ऑफ कॉन्क्वेस्ट' या १९८९ च्या पुस्तकात हेच मांडलं आहे की हा विषय अभ्यासक्रम म्हणून घडला तो मुख्यतः हिंदुस्थानात, राज्य करण्याच्या सोयीसाठी. ज्या भाषेला तीनशे वर्षं गोठ्यात ठेवलं होतं ती आपल्याकडे आली तेव्हा दरबारी पोशाख घालून आली. आपण तिचा गोठा पाहिलाच नाही.

बडोद्यात तर हा इतिहास रस्त्यावर भेटतो. बडोदा कॉलेजचा तो मोठा घुमट आपण किती वेळा ओलांडतो! अरविंद घोष १८९३ ते १९०६ सयाजीरावांच्या नोकरीत होते आणि याच कॉलेजात इंग्लिश शिकवत होते. मराठीही त्यांनी इथेच शिकून घेतली. पुढे महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९८० ते १९९६ इंग्लिश शिकवणारे गणेश देवी मूळचे भोरचे, आपले मराठी. 'आफ्टर अ‍ॅम्नेशिया' हे त्यांचं १९९२ चं पुस्तक, पुढच्या वर्षी त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. इंग्रजी शिक्षणाने आपल्याला एक विस्मरण जडलं, असं ते म्हणतात. आपण एकीकडे संस्कृतचं वैभव आठवतो, दुसरीकडे पाश्चात्त्य विचार घेतो, आणि मधली हजार वर्षं देशी भाषांत जे घडलं ते विसरून जातो. चॉसरने इंग्लिश का निवडली यावर मी पाच पानं लिहू शकते, पण महानुभावांनी मराठी का निवडली यावर मला एक पान तरी लिहिता येईल का, असा विचार ते वाचताना आला. तेव्हापासून शनिवारी संध्याकाळी मी आणि सासूबाई लीळाचरित्रातली एकेक लीळा वाचतो. अडलेल्या शब्दांना कधी कधी त्यांची गुजरातीच मदत करते.

ज्यांना हा अभ्यास करायचा असेल त्यांना थोडं व्यवहाराचं. चॉसर मोठ्याने वाचा, डोळ्यांनी वाचला तर परका वाटतो, कानांनी ऐकला तर अर्धा कळतो. बाजारातल्या गाइडवर विसंबू नका, त्यात कालखंडांच्या याद्या असतात, एइरन नसतं. ड्रायडन आणि पोप मला अजून पचलेले नाहीत, त्यांच्याबद्दल दुसऱ्या कुणाला विचारा. आणि हाताला सवय करा! तेरा वर्षं कीबोर्डवर काढल्यानंतर तीन तास पेनाने निबंध लिहिणं हा साहित्याइतकाच मनगटाचा पेपर असतो.

परवा पुण्याचा फोन आला होता. लेकीने दादाला अंड्यांची गोष्ट सांगितली, बरीचशी मराठीत. मग तिने विचारलं, "तुझ्या खोलीत वारा कुठून येतो रे?" तो म्हणाला, "विंडोतून." इकडे सासूबाईंनी पदर तोंडाला लावला.

हल्ली लेकीने एक वही केली आहे, घरात चालणारे शब्द लिहून ठेवायला. बारी, रजा, चोपडी असे बावीस झाले आहेत. 'चोपडी' आपली की गुजराती यावर आजी-नातीचं एकमत झालेलं नाही, दोघी मला विचारतात. डिसेंबरात माझा नाटकाचा पेपर आहे आणि मार्लोचा 'डॉक्टर फॉस्टस' अर्धा राहिला आहे, त्यामुळे तो निकाल मी सध्या राखून ठेवला आहे.