वाडीच्या रस्त्याचा मुरूम

आमच्या गावची ठाकूरवाडी डोंगराच्या सोंडेवर आहे. खालच्या डांबरी रस्त्यापासून वाडीपर्यंतचा सगळा चढ कच्चा. कर्जत-खालापूरच्या या पट्ट्यात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. मृग जोरात लागला की रस्त्यात घळी पडायच्या, आधी रिक्षा बंद व्हायची, मग मोटारसायकल, आणि आजारी माणूस झोळीत घालून खाली आणावा लागायचा.

मी ग्रामपंचायतीत सदस्य होतो तेव्हा दुरुस्ती म्हणजे क्रशरवरून खडी मागवायची, एवढंच ठाऊक होतं. खडीपेक्षा वाहतूकच महाग पडायची. भरलेला डंपर चढाच्या पहिल्या वळणापलीकडे जात नसे आणि जाता-येता खालचा गावरस्ता उखडून ठेवायचा. वर टाकलेली खडीही टिकत नसे. नुसत्या खडीत दगड दगडाला धरत नाही. उतारावर ती चाकाखाली घरंगळते आणि आषाढात ओढ्यात जाऊन पडते. तिला धरून ठेवायला मुरूम लागतो, आणि मुरूम तर वाडीच्या पायाशीच होता. सह्याद्रीचा काळा दगड वरून कुजत गेला की त्याचा मुरूम होतो. वाडीतल्या घरांच्या जोत्यांना तोच वापरलेला.

त्या मुरमाचा जुना खड्डा दाखवायला वाडीतले एक म्हातारबाबा आले. वरच्या थराला मी हात घातला तसे म्हणाले, "दादा, ही नको, ही माती हाय. पावसात लोणी होईल." त्यांनी खालचा पिवळसर, कचकचीत मुरूम उकरला, पाणी शिंपडून मुठीत दाबला. मूठ उघडली तर गोळा उभा राहिला, पण बोटाला चिकटला नाही. अंगठ्यानं रेटल्यावर खरखर करत फुटला. तसाच मुरूम वापरायचं आम्ही पक्कं केलं.

खणायचं कुठे, यावर मात्र वाद झाला. रस्त्याच्या कडेची दरडच उकरली तर वाहतूक वाचते, असं काहींचं म्हणणं. मी ठाम नकार दिला. दरडीचा पाय कापला की वरचा डोंगर आपल्या भारानं खाली येतो. 19 जुलै 2023 च्या रात्री मुसळधार पावसात याच पट्ट्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वर गाडीरस्ता नव्हता, जेसीबी पोचला नाही, माणसांनी हातांनी ढिगारा उपसला. 27 मृतदेह मिळाले, 57 माणसं बेपत्ता राहिली. रस्ता हवाच, पण तो करताना डोंगर दुखावता कामा नये, हे त्यानंतर कुणाला वेगळं सांगावं लागू नये.

वनहक्क कायद्याच्या कलम 3(2) प्रमाणे ग्रामसभेच्या शिफारशीनं एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन रस्त्यासाठी मिळू शकते. मुरमाची खाण त्या कलमातल्या कामांच्या यादीत नाही. म्हणून खड्डा सपाट मालकी माळावर, घरांपासून लांब ठेवला आणि गौण खनिजाची परवानगी तहसील कार्यालयातून घेतली.

काम दिवाळीनंतर काढलं. तेव्हा जमिनीत ओल असते, पाणी वाहून आणावं लागत नाही. उन्हाळ्यात वाडीला प्यायलाच पाणी पुरत नाही, तिथे मुरमावर कोण शिंपडणार? आधी डोंगराकडचं गटार मोकळं केलं, रस्त्याचा ढाळ त्याच्याकडे दिला, चढावर तिरके चर काढून त्यांना दगड बसवले. मग घळीत डबर, फटीत कपच्या, वर थोडी खडी, आणि शेवटी मुरमाचे पातळ थर. प्रत्येक थरावर धुमस. बायकांनी घमेली वाहिली, बाप्ये धुमशीवर. थर जाड टाकला तर वरून घट्ट दिसतो, पण आत पोकळ राहतो, म्हणून घाई करणाऱ्यांना म्हातारबाबा थांबवत होते.

पुढच्या पावसात दोन ठिकाणी खचलं, तिथे पुन्हा मुरूम भरला. रिक्षा मात्र वाडीपर्यंत चालू राहिली.

वाड्यांच्या ग्रामसभांना माझं एकच सांगणं आहे. मुरमाची सुरक्षित जागा आजच ठरवून तिची परवानगी काढून ठेवा, आणि दरवर्षीच्या आराखड्यात नव्या रस्त्याआधी जुन्या रस्त्याच्या गटारासाठी पैसे धरा.