कूस बदलण्यापुरती जागा

शिस्त एक तर धाकाने येते, नाही तर मायेने, असे आपण धरून चालतो. पण तिसरेही एक कारण आहे आणि ते मला कठीण गोळ्यांच्या शास्त्रात सापडले.

समजा, पुष्कळसे गोळे आहेत. एकमेकांत घुसायचे नाही, एवढाच त्यांचा धर्म. ओढ नाही, चिकटणे नाही. विरळ असताना ते द्रवासारखे सैरावैरा फिरतात. पण सुमारे ४९ टक्के जागा त्यांनी व्यापली, की आपोआप रांगा धरू लागतात! १९५७ साली अल्डर आणि वेनराइट यांनी संगणकावर हे पाहिले. कारण मोठे गमतीचे आहे. रांगेत राहिले, की प्रत्येकाला हलायला अधिक जागा मिळते. १९७९ साली टी. व्ही. रामकृष्णन आणि एम. युसूफ यांनी अशा गोठण्याचा हिशेब मांडला. तोही एकेका कणाचा माग न काढता, कोठे सरासरी किती दाटी आहे एवढ्यावरून.

आमच्या नगरच्या घरी दिवाळीत माजघरात चौदा माणसे निजत. भिंतीकडेच्या जागा आधी भरत. गोळेही भिंतीशीच अधिक दाटतात म्हणे! मधली मंडळी आडवीतिडवी पडली, की कोणालाच कूस बदलता येत नसे. मग आजी ओरडे, "ओळीने निजा रे!" ऐकणाऱ्याला तो धाक वाटावा, वस्तुतः ती मोकळीक वाटून देत असे.

आता घर प्रशस्त आहे, माणसे चार. ज्याने त्याने हवे तसे निजावे. जागा भरपूर आहे. ओळ मात्र लागत नाही.