भरडा

नागपूरचं जेवण म्हटलं की बाहेरगावचा माणूस आधी रुमाल शोधतो. त्याला सावजी ठाऊक असतं, तर्री-पोहे ठाऊक असतात. सावजी ही हलबा कोष्टी विणकरांच्या चुलीवरची चीज. तिच्याबद्दल मला आदरच आहे, पण आमच्या घरी वाढदिवसाच्या पानात ती कधी आली नाही. वाढदिवसाचं पान डाळीचं.

नंदनवनात घरगुती ऑर्डरी घ्यायला लागून मला वीस वर्षं झाली. लेकराचा पहिला वाढदिवस असेल तर लोक हॉल घेतात, पनीर मागवतात, मला कोणी विचारत नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा वाढदिवस आला की मात्र फोन येतो. ‘ताई, बाबांना वडा-भात पाहिजे. जमेल का?’

मग मी त्यांच्याच स्वयंपाकघरात जाते. पुरणाची पोळी, पाटवडी आणि रस्सा, कढी, वडा-भात. थंडी असली तर सांभारवडी. (सांभार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर. पुण्याच्या एका पाहुणीनं सांभारवडी ऐकून इडली कुठाय म्हणून विचारलं होतं.) मोजून पाहा, पुरणात हरभऱ्याची डाळ, पाटवडीत तिचंच बेसन, कढीला लावायलाही बेसन, वड्यात पुन्हा डाळ. तरी जेवणाऱ्याला एकसारखं काही लागत नाही, कारण प्रत्येक ठिकाणी डाळीचा दाणा वेगळा. पुरण लोण्यासारखं, पाटवडी गुळगुळीत, वडा खरबरीत. आमच्या स्वयंपाकातलं कसब तिखटात नाही, दळणात आहे.

हे मी शिकले ते फजितीतून. मामंजींची पंचाहत्तरी होती. घरात नवा मिक्सर आला होता आणि मला त्याचं फार कौतुक. एक किलो डाळ घातली आणि गंध उगाळावं तशी मऊसूत वाटून काढली. वडे दिसायला देखणे झाले. औक्षण झालं, पंगत बसली, मामंजींनी भातावर वडा ठेवून अंगठ्यानं दाबला. फुटला नाही. पुन्हा दाबला. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, ‘वडा बोटानं फुटला पाहिजे बापा.’ बस, एवढंच. आत्याबाई मात्र पुढे वर्षभर बोलत होत्या.

डाळ बारीक वाटली की तिचा चिकट लगदा होतो. तळताना आतली वाफ बाहेर पडायला वाट शोधते, तिला ती मिळत नाही. वडा आत घट्ट राहतो आणि वर कातडं धरतो. जाडसर वाटणात दाण्यादाण्यात फट असते. वाफ निघून जाते, वडा कुरकुरीत होतो आणि भातावर चुरला की त्याच फटींत फोडणीचं तेल शिरतं. पाट्यावर हे आपोआप व्हायचं, कारण हात थकायचा. मिक्सर थकत नाही, म्हणून त्याला थांबवावं लागतं. बटण दाबायचं, सोडायचं, चमच्यानं हलवायचं, पुन्हा दाबायचं.

वीस माणसांना माझं माप असं: हरभऱ्याची डाळ 400 ग्रॅम, मोट (म्हणजे मटकी) 250, तूरडाळ 250, उडीद 100. उडीद फक्त धरून ठेवण्यापुरता. तो वाढला की वडा मेदूवड्याच्या वळणावर जातो. पाच तास भिजवून अर्धा तास चाळणीत निथळायचं आणि वाटताना पाण्याचा थेंब घालायचा नाही. तिखट भिवापूरचं, हळद मिळाली तर वायगावची. आलं, लसूण, सांभार, हिंग. मीठ तळायला बसतानाच घालायचं, आधी घातलं की वाटणाला पाणी सुटतं.

भात मी चिन्नोरचा करते, भंडाऱ्याकडचा. इथे थोडं विषयांतर करते. नागपूरच्या पूर्वेला वैनगंगेच्या खोऱ्यात धान पिकतं, पश्चिमेला वऱ्हाडात कापूस, जवारी आणि तूर-हरभरा. मला नेहमी वाटतं, या दोन मुलखांची गाठ पडली ती आमच्या ताटात. एकीकडचा भात, दुसरीकडची डाळ. याला पुरावा माझ्याकडे ताटाशिवाय दुसरा नाही.

गोळा-भात तर वडा-भाताहून साधा. हरभऱ्याच्या डाळीचा रवाळ भरडा, त्यात कडकडीत तेलाचं मोहन, तिखट, हळद, मीठ, लिंबू. भातातलं पाणी आटत आलं की त्यावर गोळे मांडायचे, झाकण घालायचं आणि पंधरा मिनिटं उघडून बघायचं नाही. लोक बघतातच. वाफ जाते, गोळा मधोमध कच्चा राहतो आणि दोष माझ्या मापाला.

फोडणीवर हल्ली वाद होतो. वीस पानांना अर्धा लिटर तेल म्हटलं की सुना माझ्याकडे डॉक्टरांच्या नजरेनं बघतात. पूर्वी हे तेल जवसाचं असे, आता शेंगदाण्याचं. मोहरी, हिंग, अख्ख्या लाल मिरच्या. गडव्यात भरून ते गरमच पंगतीत फिरवायचं. कमी घातलं तर वडा-भात कोरडा घशाशी अडतो, मग त्यापेक्षा वरण-भात बरा. ज्याला नको त्यानं कढी जास्त घ्यावी. तेवढी सवलत मी देते.

केकबद्दल माझी तक्रार नाही. फक्त तो जेवणाआधी कापू नका. क्रीम खाल्लेल्या जिभेला पुरणातलं जायफळ कळत नाही.

पंगत उठल्यावर वाढणाऱ्या बायका बसतात, तोवर परातीत चुराच उरलेला असतो. म्हणून चार वडे मी आधीच डब्यात टाकून ओट्याखाली ठेवते. दुसऱ्या दिवशी सकाळी ते उरलेल्या कढीत सोडायचे. त्या डब्याबद्दल ऑर्डर देणाऱ्यांना मी अजून सांगितलेलं नाही.