हलके काम

‘बायकांचे काम हलके’ असे म्हणणाऱ्याने ते कोणत्या तराजूत तोलले, हे मला अजून उमगलेले नाही.

मुंबईच्या कचेरीतले काम घ्या. मॅकिनन मॅकेंझी कंपनीत ऑड्री डिकोस्टा नावाच्या स्टेनोग्राफर बाई होत्या. लघुलिपी तीच, टंकलेखन तेच. पगार मात्र पुरुष स्टेनोग्राफरहून कमी! १९७६ च्या समान वेतन कायद्याचा आधार घेऊन बाईंनी दाद मागितली. कंपनी म्हणाली, युनियनशी करार झालेला आहे, शिवाय एवढा पगार परवडत नाही. १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, ही सबब चालायची नाही.

घटनेच्या ३९ व्या कलमातही समान कामाला समान वेतन आहेच. पण कायदा पनवेलच्या बसमध्ये बसला, तरी आमच्या बांधापर्यंत पोचत नाही. तिथे दर ठरवतो आम्ही.

इमारतींच्या तडाख्यातून वाचलेली आमची थोडी भातशेती आहे. लावणीला गडी आणि बाया एकाच ओळीत वाकतात, एकाच चिखलात आवण रोवतात. संध्याकाळी बाईच्या हातावर गड्याच्या पाऊण मजुरी.

“असं का हो, मामंजी?” मी विचारले.

“अगं, चिखलणीचं अवजड काम गड्याचं. नांगर कोण धरतो?”

उत्तर बिनतोड होते. पण नांगर कधीच माळ्यावर गेला आहे! चिखलणी पॉवर टिलर करतो आणि त्याचे भाडे आम्ही निराळे मोजतो. बैल गेले, नांगर गेला. त्यांच्या नावाची वरची मजुरी तेवढी मागे राहिली.

मामंजी बराच वेळ सुपारी कातरीत बसले. मग म्हणाले, “सूनबाई, गावचा दर बिघडेल. शेजारी बोल लावतील.”

“लावू देत. यंदा सारखे देऊ.”

शेजाऱ्यांनी बोल लावलाच. खर्चही वाढला, घराला रंग द्यायचा बेत पुढल्या वर्षावर गेला.

पण त्या संध्याकाळी एका मावशींनी नोटा दोनदा मोजल्या आणि वरच्या मला परत देऊ लागल्या. “वहिनी, चुकून जास्त आल्यात.”

“जास्त नाहीत, मावशी. बरोबर आहेत.”

मावशींनी पैसे कनवटीला लावले खरे, पण बांधावरून जाताना दोनदा मागे वळून पाहिले. मी हाक मारते की काय, म्हणून.