सोळा ट्रॅक आणि एक हलगी

इंजिनिअरिंगच्या पोरांना एक रोग असतो. सर्किट चालू झालं की गप्प बसवत नाही. अजून एक एलईडी, अजून एक बझर... माझा हा रोग कीबोर्डपर्यंत पोचला होता!

गॅदरिंगसाठी आम्ही दोघं ‘सैराट’ची गाणी बसवत होतो. मी कीबोर्डवर आणि माझा रूम पार्टनर हलगीवर. पार्टनर करमाळ्याकडचा. पिक्चरचं शूटिंग त्याच्याच तालुक्यात झालेलं, नागराज मंजुळे जेऊरचे. म्हणजे ‘सैराट’ हे याच्या घरचंच कार्य! 29 एप्रिल 2016 ला तो आला तेव्हा आम्ही पाचवीत होतो.

मी लॅपटॉपवर सोळा ट्रॅक केले. व्हायोलिन, ब्रास, सिंथ, कोरस. शेवटी हलगीचा तयार आवाजही टाकला. पार्टनरने शांतपणे ऐकलं. म्हणाला, “मग मी काय करू बे? टाळ्या वाजवू?”

मी ऐटीत म्हणालो, “अजय-अतुलनी ऑर्केस्ट्रा हॉलिवूडमध्ये रेकॉर्ड केलाय. मोठं काम असंच असतंय.”

तो काही बोलला नाही. हलगी कॉटखाली सरकवली आणि दोन दिवस मेसला एकटाच गेला.

त्या दोन रात्री मी तो अल्बम नीट ऐकला. गाणी चारच. ऑर्केस्ट्रा आहेच, तोही कॅलिफोर्नियातल्या सोनीच्या स्टुडिओत वाजवून घेतलेला. या भावांना भव्य काही नवीन नव्हतं. 2001 च्या ‘विश्वविनायक’मध्ये त्यांनी गणपतीच्या मंत्रांना सिंफनीचा थाट दिला होता. पण याच अल्बममध्ये ‘झिंगाट’ आलं तेव्हा त्यांनी सरळ वरातीचा ठेका धरला. आवाज दोघा भावांचेच. चाल अशी की एकदा ऐकली की कुणीही म्हणावी. प्रेमात पडलेल्याला आभाळभर व्हायोलिन दिली, नाचणाऱ्या पोरांना फक्त ठेका. आपल्या सोलापुरात मिरवणुकीत लेझीम खेळणाऱ्यांना तो वेगळा शिकवावा लागला नाही. 2018 च्या ‘धडक’मध्ये गाणं हिंदीत गेलं, तेव्हाही ठेका तोच राहिला.

मला ऑर्केस्ट्रा तेवढा दिसला होता, तो कुठे थांबवलाय ते दिसलंच नव्हतं.

तिसऱ्या रात्री चौदा ट्रॅक उडवले. पहिला उडवला तो हलगीचा! मग कॉटखाली वाकून खरी हलगी काढली.

“पार्टनर, तापवायला कागद लागतील ना?”

तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला, “तुझ्या असाइनमेंट आण. भरपूर आहेत.”

गॅदरिंगला बक्षीस मिळालं नाही. पण हलगी कडाडली आणि व्हायवाला कधी न हसणारे सरसुद्धा पायाने ठेका धरून बसले. चार मिनिटं मी दोनच बोटांनी सूर धरून होतो आणि सगळे त्याच्याकडे बघत होते. खरं सांगतो, जरा जड गेलं.

रात्री मेसला एकाच ताटात शेंगाची चटणी आणि कडक भाकरी खाल्ली. पार्टनर म्हणाला, “पुढच्या वर्षी एक व्हायोलिन ठेव बे. एकच!”

— तृतीय वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स