मोडीच्या मागावर : दोन पत्रे

जत

तीर्थरूप आबांस, साष्टांग नमस्कार वि. वि.

मिरजेहून कवठेमहांकाळमार्गे काल येथे सुखरूप पोहोचलो. डफळे सरकारांचे हे संस्थान १९४८ साली विलीन झाले, आणि ज्या मोडीत त्याचा वसूल, इनामे, वतने व तंटे पिढ्यान्‌पिढ्या लिहिले गेले ती लिपीही पुढे कचेऱ्यांतून व शाळांतून निघून गेली. त्यामुळे माळ्यावरच्या रुमालांत बांधलेले कागद ज्यांचे आहेत त्यांनाच ते वाचता येऊ नयेत, ही गोष्ट मनाला फार लागली.

ज्यांच्याकडे उतरलो आहे त्या गृहस्थांनी असा एक रुमाल सोडून दाखवला. आधी सबंध ओळभर शिरोरेघ ओढलेली, मग तिच्याखाली बोरू शक्यतो न उचलता अक्षरे एकात एक गुंफलेली. दोन शब्दांत अंतर नाही, ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाही. शाई टिपण्यासाठी टाकलेल्या वाळूचे कण अजून अक्षरांत चमकतात.

२०२३ साली कुणबी नोंदींच्या शोधार्थ न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली, तेव्हापासून मोडी जाणणाऱ्यांची सरकारदरबारी विचारपूस होऊ लागली आहे. ही प्रतिष्ठा स्वागतार्ह खरी. परंतु कुणबी असल्याचा दाखला हाती येताच रुमाल पुन्हा बांधला जातो.

कोल्हापूर

ती. आबांस सा. न.

येथील पुराभिलेखागारातील दप्तरांच्या थप्प्या पाहून आलो. २०१४ साली मोडीस युनिकोडमध्ये स्थान मिळाले, अच्युत पालवांसारख्या सुलेखनकाराने तिचे वळण चित्रफलकावर आणले; हे दोन्ही उपकार मोठेच. चिनी सुलेखनास युनेस्कोने २००९ साली मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले, पण तेथील मुले तीच चिन्हे शाळेत रोज गिरवतात, म्हणून कुंचला धरणाऱ्याला वाचणारा समाज आयताच लाभतो. आपल्याकडे तो नव्याने घडवावा लागेल, आणि नुसत्या शोभेच्या अक्षरांनी तो घडणार नाही, असे माझे ठाम मत आहे. पुराभिलेख संचालनालयाच्या प्रशिक्षणवर्गांत वाचन शिकवतात, सुलेखनाच्या वर्गांत वळण; या दोहोंची सोयरीक झाली पाहिजे, कारण ज्याने ते वळण स्वतः गिरवले त्याच्याच डोळ्यांना घाईतल्या कारकुनाचे अक्षर उलगडते.

धाकटीला सुट्टीत रोज एक पान गिरवायला बसवावे. बोरू मी येथून आणतो. तासून मात्र आपणच द्यावेत.

कळावे, लोभ असावा ही विनंती.